पाकिटावरचा निराधार

माझ्या नावावर अकरा एकर जमीन, दोन विहिरी आणि एक ट्रॅक्टर असताना मी साऱ्या हिंदुस्थानात निराधार म्हणून प्रसिद्ध झालो.

आमची सून वैशाली कवठे महांकाळजवळ आमच्या गावात कडक भाकरीचा कारखाना चालवते. गावातल्या चौदा बायका ज्वारीच्या पातळ भाकरी भाजून पाकिटात भरतात. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक विट्याकडचं. म्हणजे मदुराईपासून अमृतसरपर्यंत सोनं गाळायची दुकानं टाकून बसलेले आपलेच लोक. भाकरीला नुसते आसुसलेले! आणि वैशालीचा नेम असा, की नफ्यातून गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना रोज दुपारी गरम डबा द्यायचा. डबे पोचवणारा मी. (पगार घेत नाही. कुणी देऊ केलेला पण नाही.)

सगळ्यात अवघड माणूस म्हणजे हमीद. पूर्वीचा कल्हईवाला, माझा वर्गमित्र. (चौथी आम्ही दोघांनी मिळून सोडली.)

"फुकटचं म्या खात न्हाई," हमीद पहिल्याच दिवशी म्हणाला.

"फुकट कुठाय? मला जेवायला सोबत पायजे."

"मग आदी तू खा."

झालं! रोज अर्धा डबा मी खायचा, अर्धा त्यानं. मग घरी जाऊन मी पुन्हा जेवायचं, कुणाला संशय नको म्हणून.

एक दिवस पुण्याहून नव्या पाकिटांसाठी फोटो काढणारी पोरगी आली. वैशाली साताऱ्याला प्रदर्शनात होती. तिनं पोरीला फोनवर सांगितलेलं, निळ्या दाराच्या ओट्यावर आजोबा जेवत असतात, त्यांचा काढा. ते आजोबा म्हणजे हमीद. पण फोटो म्हटल्यावर हमीद आत दाढीला कंगवा मारायला गेलेला. ओट्यावर मी. उकाडा होता, अंगात भोकाची बनियन, हातात भाकरी.

पोरीनं फोटो काढले. मला काय वाटणार? मालकिणीचा सासरा! माझाच पाहिजे असणार!

"आजोबा, फोटोखाली काय छापायचं ते या कागदावर आहे, वाचून सही करा."

चष्मा घरी होता. "तूच वाच बाई" म्हणायला जीभ रेटेना. मी कागदावर वरून खाली नजर फिरवली, दोनदा मान डोलावली आणि झोकात सही ठोकली.

हमीद अत्तर लावून बाहेर आला तेव्हा पोरगी गेली होती.

छापखान्यानं वैशालीला फोनवर चित्र पाठवलं, त्यात माझ्या तोंडावर आडवं 'नमुना' असं लिहिलेलं. (ते काही खोटं नव्हतं.) तिला चेहरा दिसला नाही, तिनं होकार दिला. पाकिटं आली, भरली, गेली. भरणाऱ्या बायका नंतर म्हणाल्या, "आमाला वाटलं तात्यांनी हट्टानं सोताचा छापून घ्येतला."

पहिला फोन मदुराईहून, माझ्या मेव्हण्याचा.

"दाजी, जेवला का?"

"जेवलो की. का रं?"

"खरं सांगा. सुनंनं बाहेर काढलंय न्हवं?"

"कोण म्हंतंय?"

"पाकिटावर छापलंय! 'या निराधार आजोबांना तुमच्यामुळे एक वेळचं जेवण!' वर तुमी, फाटक्या बनियनवर!"

संध्याकाळपर्यंत हैदराबाद, सुरत, अमृतसर! एकानं घोंगडी पाठवली. विट्याचे दोन पाहुणे जीप घेऊन आले आणि माझ्या पोराची, हणमंताची, अंगणातच कॉलर धरली. बायकोनं वेगळंच लावलं, "तुमी निराधार, मग मी कोण?"

इथवर मी हसत होतो. मग मागण्या थांबल्या. सासऱ्याला उपाशी ठेवून दुनियेला डबे वाटणारीची भाकरी नको, असं जो तो म्हणू लागला. वैशालीनं बायकांना घरी पाठवलं.

"तात्या, या आठवड्यात काय न्हाई झालं तर चुली कायमच्या बंद," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. त्याचंच भ्या वाटलं.

मी म्हटलं, निस्तरतो. फेटा बांधला, ट्रॅक्टरवर बसलो. हणमंतानं व्हिडिओ काढला. "मी लय सुखी हाय!" असं ओरडलो. सगळीकडून उत्तर एकच: म्हाताऱ्याला धाक दाखवून बोलवलंय, डोळ्यांत भीती दिसते! (भीती खरी होती. ट्रॅक्टर उताराला लागला होता.)

हमीद म्हणाला, "न वाचता सही केलीस, त्ये सांग की गड्या."

"मेलो तरी सांगायचो न्हाई!"

"मग चौदा बायांच्या घरी जाऊन तसं सांग. मी येतो संगं."

रात्रभर तळमळलो. सकाळी हमीदच्या ओट्यावर बसलो. हणमंताला पुन्हा व्हिडिओ काढायला सांगितलं. फेटा नाही, काही नाही. "मी चौथी सोडल्याला माणूस. चष्मा घरी हुता. वाच म्हणायची लाज वाटली, म्हणून वाचल्यागत करून सही केली. सुनंचा दोष न्हाई. चूक माजी." शेवटचे दोन शब्द पाचव्या खेपेला बाहेर पडले.

तासाभरात मेव्हण्याचा फोन. "दाजी, इतक्या वरसांत तुमी चूक कबूल केल्याली कुणी ऐकली न्हाई. म्हंजे खरंच असणार! दोन खोकी धाडा."

चुली पेटल्या. आता नव्या पाकिटावर माझ्या जागी ज्वारीचं कणीस आहे. खप इतका वाढलाय की माल पुरत नाही. माझ्या व्हिडिओचं नाव न काढता वैशाली म्हणते, दिवाळी जवळ आली म्हणून.

मी पण सगळ्यांना तेच सांगतो.