दमकाका आणि दोन कंपन्यांच्या रॅम

दमकाका कुणाच्याही कॉम्प्युटरला खटारा म्हणायचे नाहीत. शहापूरहून एसटीने मुरबाडला माझ्या फॉर्म भरायच्या दुकानात यायचे, सीपीयू उघडायचे आणि एका कंपनीच्या रॅमशेजारी दुसऱ्याच कंपनीची रॅम बसवून मोकळे व्हायचे. "काका, ही खिचडी चालेल का?" असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं. "कंपनी येगली असली तरी बिघडत नाय बाय. जलद असंल तिनं हलूच्या चालीनं चालायचं. जरा दम धर." या 'दम धर'वरूनच त्यांचं नाव पडलं.

खरं तर माणूस भलताच घाईचा. बाजारातून निघाले की बरोबरच्याला धावावं लागे. पण काकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि काकांची चालच बदलली. घरी एकटीला कसं ठेवायचं, म्हणून त्यांना कामावर बरोबर आणायचे. एसटी स्टँड माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, पण दोघं पोचेपर्यंत माझा चहा आटून जायचा. मी चिडवायचे, काकू पदर तोंडाला लावून हसायच्या.

एकदा मात्र जमेना. दोन्ही रॅम एकेकट्या चालत, एकत्र लावल्या की पडदा काळा. काकांनी खोडरबराने घासून पाहिल्या, जागा बदलून पाहिल्या, दुपार घालवली. शेवटी एक काढून कागदात गुंडाळली.

"काय काय जोड्या नाय जमत. दोष कोनाचाच नसतो."

"आपली जमली ना?" काकू म्हणाल्या.

काका हसले नाहीत. काकू पाणी प्यायला आत गेल्यावर मला म्हणाले, "माझ्या मागं हिच्यासंगती हलू कोन चालंल गो? देवाला रोज सांगतो, आधी हिला ने." इतक्या मायेने बायकोचं मरण मागणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

देवाने ऐकलं नाही. भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी काका अंघोळीला उठले आणि मोरीच्या दारातच गेले. त्यांनी जमवलेली एक जोडी माझ्या दुकानात अजून चालते. सुरू होताना जरा रेंगाळते, तेव्हा फार आठवण येते त्यांची.

बाराव्याला मी शहापूरला गेले होते. ते आटोपल्यावर काकूंची बहीण त्यांना आटगावला न्यायला आली. रिक्षापर्यंत मी काकूंचा हात धरला होता. तरी चार पावलांतच मी पुढे झाले, हात ताणला गेला. काकू थांबल्या. मी वळून परत त्यांच्या शेजारी आले.

"त्यांचं असं कदी झालं नाय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं माझ्यासाठी दम धरला, आन् यकदाच फुडं निंगून गेले गो."