भैरू मिस्त्रींच्या खाचा

भैरू मिस्त्री कुणाच्याही घरात शिरले की आधी नाकाने बघायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी बसा म्हटलं, पाणी आणलं, पण ते टीव्हीखालच्या कपाटाशी जाऊन वाकले. कडेला नाक लावलं आणि असं तोंड केलं की मला वाटलं, मागे उंदीर मेलाय. मी घाईघाईनं म्हटलं, "कालच सगळं झाडून घेतलंय हो." तर म्हणाले, "झाडून काय हुतंय, वैनी? भुसा हाय ह्यो. भुसा आनि डिंक. वरनं लाकडाचा फोटू चिकटवलाय." मग सोफ्याच्या हाताला नख लावलं. "ह्यो बी फोटू." मग दिवाणाकडे बघितलं आणि तिथं नाकसुद्धा नेलं नाही. नुसता हात झटकला, शेणात पडल्यासारखा.

त्यांना बोलावलं होतं ते टेबलासाठी. आमचा सांगलीतला फ्लॅट म्हणजे एक हॉल, एक खोली आणि दोघींनी एकदम उभं राहू नये असं स्वयंपाकघर. त्यात मी, माझा महेश आणि सून शीतल. शीतलला पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या काम मिळालं होतं. दवाखान्यांची कागदपत्रं कॉम्प्युटरवर तपासायची, दिवसभर. कंपनीनं पहिल्यांदाच सांगितलं होतं की बसायची धड जागा करा, चुका व्हायला लागल्या तर आम्ही ठेवणार नाही. ती बिचारी दिवाणावर मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर ते यंत्र, अशी बसायची.

आता टेबल म्हटलं तर हॉल भरून जातो. आणि खरं सांगायचं तर मला ते टेबल दिसायलाच नको होतं. महेशची कुपवाडची कंपनी बंद पडली होती. तो घरात होता. पोळ्या करायचा, कपडे वाळत घालायचा, आणि चांगल्या करायचा हो पोळ्या. पण माझ्या डोळ्याला ते बघवायचं नाही. पाहुणे आले की सून यंत्रासमोर आणि पोरगा परातीसमोर, हे त्यांना दिसू नये म्हणून मला घडी होणारं, मिटणारं, नाहीसं होणारं टेबल पाहिजे होतं.

म्हणून आधी मोबाइलवर शोधलं. चित्रात एक सडपातळ बाई भिंतीतून टेबल काढते आणि हसते. मागवलं. खोका फोडला तर घरभर असा वास सुटला की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. महेशनं स्क्रू पिळले. चौथ्या दिवशी शीतलचा चहा सांडला आणि ती फळी भिजलेल्या पावासारखी फुगली. कडेचा कागद सुटला, आतनं पिवळा भुगा गळायला लागला. पुसायला गेले तर बोटांना चिकटला. मग बाजारात गेलो. चार दुकानं फिरलो. एका ठिकाणचं टेबल मिटायचं, पण पाय मावायचे नाहीत. दुसऱ्याला पाय मावायचे, पण मिटायच्या आधी वरचं सगळं उचलून दिवाणावर मांडायचं. तिसऱ्यानं तर बिजागरीच माझ्या हातात दिली आणि म्हणाला, मावशी, तुम्ही जोरात ओढलं.

तेव्हा रहिमतपूरच्या नणंदबाईंनी भैरू मिस्त्रींचं नाव सांगितलं. नणंदबाईंच्या घराचं काम मिस्त्रींनीच केलेलं. मूळचे आष्ट्याचे, पण सगळा जन्म कुपवाडला गेला. लोखंडाचं ओतकाम करतात ना, त्याच्यासाठी आधी लाकडाचा साचा लागतो, तसले साचे करायचे. केसाएवढा फरक चालत नाही म्हणे त्यात. पुढं साचे मशीनवर व्हायला लागले आणि मिस्त्री घरांची कामं घ्यायला लागले. घ्यायला लागले म्हणजे काय, किळस करत करत घ्यायचे. "चाळीस वर्सं लोखंडाला आकार दिला, आनि आता लोकांच्या चपला ठेवायची कपाटं करतोय," असं म्हणायचे, आणि ती कपाटंही अशी करायचे की दार लावताना नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज यावा.

आमची फुगलेली फळी त्यांना दाखवली. त्यांनी ती दोन बोटांनी धरली, गॅलरीत नेऊन ठेवली आणि हात धुऊन आले. मग विचारलं, "बसनार कोन?"

आता हे नणंदबाईंच्या ओळखीचे. आज इथं ऐकलं की उद्या रहिमतपुरात. मी म्हटलं, "महेश. त्याला घरनंच काम मिळालंय."

शीतल तिथंच उभी होती. स्वयंपाकघरात निघून गेली.

"बोलवा त्याला."

मिस्त्रींची माप घ्यायची एक तऱ्हा होती. टेप असायचा खिशात, पण माणसाला तो लावायचे नाहीत. एक लांब पट्टी आणायचे लाकडाची. माणसाला खुर्चीवर बसवायचं, कोपर वाकवायला लावायचं, पट्टी शेजारी उभी धरायची आणि कोपर येईल तिथं पेन्सिलची रेघ मारायची. मग गुडघा. मग डोळे. "टेपवर आकडा येतो, पट्टीवर मानूस येतो," म्हणायचे. महेश पिठाचे हात पुसत आला आणि बसला. माझा पोरगा चांगला उंच, त्याच्या बापासारखा. पट्टीवर रेघा पडत होत्या आणि तो जमिनीकडे बघत होता. मिस्त्री म्हणाले, "मान वर कर की गड्या. फाशी न्हाई देत तुला." तरी त्यानं केली नाही.

काय सुंदर वस्तू करून आणली म्हणून सांगू. हातभरसुद्धा खोल नाही असं उंच कपाट, जुन्या सागवानाचं. दोन दारं. मिटली की कुणालाही वाटावं, कपड्यांचं कपाट आहे. दोन्ही दारं सरळ पुढं उघडली की त्यांच्या आतल्या बाजूला खाचा, आणि त्या खाचांवर फळी आडवी सरकवायची. झालं टेबल. यंत्र आतल्या कप्प्यात, वायरींना मागनं भोक. काम संपलं की फळी उभी करून आत, दारं बंद. खाचेखाली मिस्त्रींनी पेन्सिलनं बारीक लिहिलं होतं, महेश. ही त्यांची रीत. साच्यावर म्हणे गिऱ्हाइकाचं नाव घालावं लागायचं, ती सवय.

आणि त्या महेशच्या टेबलावर शीतल बसायला लागली. ती माझ्या खांद्याला लागते. खुर्चीवर गोधडीची घडी, घडीवर ती, आणि पाय लोंबायला लागले म्हणून खाली तेलाचा रिकामा डबा. हात वर उचलून टायपायची, ओट्यावरच्या ताटलीतलं चोरून खाणाऱ्या पोरासारखी. महिन्याभरात उजवा खांदा धरला. मग बोटांना मुंग्या. कामात चुका व्हायला लागल्या, कंपनीकडनं एकदा समज आली, दुसऱ्यांदा आली. मी तिच्या खांद्याला तेल चोळायचे. चोळताना मला सगळं कळत होतं. मिस्त्रींना बोलवायचं तर खोटं बोलले हे सांगावं लागणार.

पण मिस्त्री न बोलावता आले. पावसाळा संपला की आपण केलेली दारं बघायला यायचे ते, कुठं फुगलंय का म्हणून. महेशनं दार उघडलं, हाताला कणीक. मिस्त्री आत आले. समोर शीतल, डब्यावर पाय.

त्यांनी काहीच वास घेतला नाही त्या दिवशी. शीतलच्या कोपराकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ही कोन?"

"सून माझी."

"रोज हीच बसती?"

मी चहा टाकायला वळले.

शीतल म्हणाली, "व्हय मामा. मीच बसते."

"मग त्या पोराला का बसवलं हुतं माज्याम्होरं?" हे मला. आवाज चढवला नाही. "आवं वैनी, साचा चुकला तर त्यातनं निघनारं परत्येक लोखंड चुकतंय. लोखंड वितळवून परत ओतता येतं. ह्या पोरीचा खांदा कुटं वितळवू मी?"

महेश म्हणाला, "मामा, आईला वाटलं, लोक काय..."

"तू कनीक मळ," मिस्त्री म्हणाले. "तुज्या हातात खोटं न्हाई. हितं हाय." आणि त्यांनी तेच तोंड केलं. भुशाचा वास आल्यावर करायचे ते. फरक एवढाच की या वेळी माझ्याकडे बघून केलं.

मी चहा पुढं केला. घेतला नाही. मीही मेथी घेऊन खाली बसले निवडायला, करणार काय दुसरं. त्यांनी शीतलला धड बसवलं, पट्टी धरली, रेघा मारल्या. हिशेबाला कागद हवा होता, म्हणून दिवाणावरचं कॅलेंडरचं जुनं पान ओढलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी लिहिलेलं होतं. मी लिहिते असंच काहीबाही, दुपारी, घरात कुणाचं लक्ष नसलं की. चौथीनंतर शाळा सुटली, बाकी सगळं रद्दीच्या कागदांवरनं वाचून वाचून शिकले. त्यांनी ते पान उभ्यानं वाचलं, खालपर्यंत.

"कुनी लिवलं?"

"कुणी नाही. जुनं आहे," मी म्हटलं. त्यांच्यासमोर हे दुसरं खोटं.

त्यांनी पानाची घडी करून खिशात घातली आणि हिशेब स्वतःच्या तळहातावर केला. मग मेथीजवळनं जाताना पट्टी माझ्या कोपराशी जरा टेकवली. मला वाटलं, दाराची उंची बघतायत. अंगावर आल्यासारखं वाटून मी सरकले. "हालू नका," म्हणाले.

दोन दिवसांनी येऊन नव्या खाचा पाडल्या. मी विचारलं, जुन्या बुजवणार ना? "न्हाई. ऱ्हाऊ द्या. बगत बसा." दारांना बाहेरनं एखादी कडी लावा म्हटलं, तर हत्यारं पिशवीत भरत म्हणाले, "कडी कोंबड्याच्या खुराड्याला लावत्यात." आणि गेले. पुन्हा माझ्याशी नीट बोलले नाहीत. शीतलचा खांदा हळूहळू सुटला, कामही टिकलं. दर पावसाळ्यानंतर यायचे, दारं बघायचे, महेशच्या हातची पोळी खायचे, शीतलला विचारायचे, "कोपार?" ती म्हणायची, "सरळ, मामा." माझ्याकडे न बघता जायचे. मला राग यायचा. एवढं काय, एक खोटं बोलले तर. आणि पाहुणे आले की मी दारं मिटायचेच.

यंदा ते आले नाहीत. नणंदबाईंचा फोन आला, मिस्त्री गेले म्हणून. आष्ट्याला, मुलीकडे, झोपेतच.

फोन ठेवला आणि फडकं घेतलं. हाताला काही काम हवं होतं. दारं आतनं पुसत खाली आले. अगदी तळाशी, जमिनीपासून दीड वितीवर आणखी एक खाच आहे, दोन्ही दारांना. ती मला माहीत होती. मी समजत होते, रागाच्या भरात चुकलं म्हाताऱ्याचं. तिथं फळी ठेवून खुर्चीवर कोण बसणार? वाकून कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी चष्मा लावून बघितलं. वर महेश. त्याखाली शीतल. आणि तळाला, त्याच बारीक पेन्सिलनं, वैनी.

शीतलची सुट्टी होती. फळी काढून खालच्या खाचेत सरकवली. मांडी घातली. कोपर बरोब्बर टेकलं, केसाएवढाही फरक नाही. मग माझं मलाच कळलं नाही, मी त्या फळीला नाक लावलं. सागवानाचा कडसर वास येत होता.

हे तिथंच बसून लिहिते आहे. नव्या वहीत. रविवारी नणंदबाई येणार आहेत. महेशनं मघाशी विचारलं, "आई, आत्या यायच्या आधी दारं मिटायची ना?" त्याला म्हटलं, तू पोळ्यांचं बघ. दारं उघडीच राहतील.