दुभता माड

आमच्या तळ्याकाठच्या माडांची माडी काढणारा आता एकच माणूस उरलाय. जमिनीवर तो जवळजवळ मुका असतो. माडावर चढला, की साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलतो. "काकी, तुझं दूध उतू चाललंय!" हे मला त्याने कितीदा तरी शेंड्यावरून सांगितलंय. त्याच्या आजाने खोडांत पाडलेल्या खाचांतच तो अजून पाय ठेवतो.

परवा तळ्याभोवती रस्ता करायचा म्हणून कंत्राटदाराने जुन्या माडांवर लाल खुणा केल्या. ते तोडायचे. संध्याकाळी हा माडीवाला माझ्या दारात आला नि म्हणाला, "मडकी." घरात होती नव्हती तेवढी मी दिली.

सकाळी बघते तर लाल खुणेच्या प्रत्येक माडावर मडकं! माडीसाठी मडकं बांधलेला माड म्हणजे दुभती गाय, त्याला आमच्याकडे कुणी कुऱ्हाड लावत नाही. तोडणारे आमच्याच गावचे. त्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या.

"हे म्हातारे माड दुभते?" कंत्राटदार ओरडला.

"दुभते हायत! सगळे दुभते!" वरून आवाज आला.

कंत्राटदार समोरच्या माडाकडे बोट दाखवत माझ्याकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा. याला माडी येते?"

त्या माडाला कित्येक वर्षांत थेंब आला नव्हता, आणि मी खोटं बोलत नाही हे गावाला ठाऊक आहे. शेंड्यावरून तो वाकून माझ्याकडे बघत होता.

"वर चढ," मी कंत्राटदाराला म्हटलं, "नि बघ."