पंचकाकांचा कान

पंचकाकांना जाऊन दोन महिने झाले. ते डोळ्यांपेक्षा कानांनी कबड्डी बघत. चढाईला गेलेला खेळाडू ‘कबड्डी कबड्डी’ म्हणू लागला की मान तिरकी करून त्याच्या बाजूने सरकत आणि मधेच हात वर करत. “दम तुटला. बाहेर.” मोठ्या सामन्यांत चढाई मोजायला घड्याळ आलं, पण आमच्या कांजूरमार्गच्या मैदानावर अखेरपर्यंत त्यांचा कानच चालला. कुणी हुज्जत घातली तर म्हणत, “मी कुठे काय म्हटलं रे? तुझी छातीच बोलली.”

मी त्यांच्या शेजारची. खेळात माझा उपयोग शून्य, म्हणून त्यांनी मला गुण लिहायला बसवलं. मला त्यांचा धाक होता. त्यांचा कान मैदानाबाहेरही जागा असे. एकदा शाळेला दांडी मारून मी वाचनालयात बसले. संध्याकाळी ते जिन्यात भेटले, तेव्हा मी शाळेतल्या तासांचं साग्रसंगीत वर्णन केलं. “अर्ध्यात श्वास घेतलास,” ते म्हणाले. “आता खरं बोल गं.”

त्यांचं एक लाडकं मत होतं. कायद्याची पुस्तकं नंतर आली, आधी कुणीतरी खेळायला जमिनीवर रेघ ओढली. “रेघेपलीकडे सात जण तंगडी धरून आडवा करतात. डाव संपला की तेच हात देऊन उठवतात. कुठे थांबायचं, हे माणूस खेळातच शिकला. घरात बसून शिकला असता होय?” मी पुस्तकातलं काही सांगू गेले की हसत. “तुझ्या पुस्तकाला माती लागलीय का कधी?”

गेल्या वर्षी ते जिन्यात मधेच थांबू लागले. मी मागून येत असे आणि नकळत ऐकत असे. वाक्य अर्ध्यावर तुटे, मग ते खोकल्याचं निमित्त करत. यांना स्वतःचा दम ऐकू येत नसेल का?

रिपोर्ट आणायला मी गेले. फुप्फुसं फार दिवस साथ देणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी मला दारातच अडवलं. “त्यांना कळू देऊ नकोस हं. कफ झालाय म्हण.”

काका खाटेवर उशीला टेकून बसले होते.

“कफ आहे म्हणाले डॉक्टर.”

त्यांनी मान तिरकी केली. मग म्हणाले, “आज पंच तू. तुटला की सांगायचं.”

आणि ते कबड्डी म्हणू लागले. चौथ्या वेळीच आवाज गेला. छाती वर आली, हवा ओढली गेली, पुन्हा सुरू झाले. मी भिंतीकडे बघत होते.

“तुटला ना?”

मी मान हलवली.

“मग हात का नाही वर केलास?”

“भीती वाटली, काका.”

“मलाही वाटते. म्हणून तर विचारतोय. या घरात सगळे मला जिंकवतायत गं.”

मी हात वर केला. पिशवीतून रिपोर्ट काढून दिला आणि डॉक्टर बोलले ते सगळं सांगितलं. “काय केलंस हे!” काकू दारातून म्हणाल्या.

काकांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली.

“बरोबर दिलास,” ते म्हणाले. “आता दोघी जरा बाहेर बसा. दार ओढून घ्या. मला घाबरायचंय.”

आम्ही पायरीवर बसलो. काकू माझ्याशी बोलत नव्हत्या, पण माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. उठून दार उघडावं असं दहादा वाटलं.

“सुनंदा.”

इतक्या वर्षांत त्यांनी काकूंना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. काकू उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.