भाऊचं वाचन

पुलगावच्या एका वस्तीतल्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने रोज सायंकाळी ग्रंथ वाचला जाई, आणि तो वाचे श्रावण. एकवीस वर्षं. एरवी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या या माणसाला घरात कुणी हिंग लावून विचारत नसे. पण ते तीन महिने पांढरा सदरा घालून तो चौरंगासमोर बसला की अख्खी वस्ती त्याच्या तोंडाकडे बघे. पान उलटताना तो पहिल्या रांगेतल्या तानाबाईला विचारी, ‘‘समजलं काय, तानाबाई?’’ अक्षरओळख नसलेली म्हातारी मान डोलवी. ‘‘समजलं, भाऊ.’’ तेवढ्यावर त्याचं वर्ष निघे.

मागच्या वर्षी मंडळाचा सचिव विवेक मोबाईल घेऊन आला. ‘‘भाऊ, तुमचा आवाज भरून ठेवतो. लोकायले घरी बसून आयकता येईन.’’

शहाण्यानं तिथेच पाय मागे घ्यावा. पण गड्याला कौतुकाची भूक. शेजारी मोबाईल ठेवून त्यानं अख्खा ग्रंथ वाचला, घसा बसला तर खडीसाखर चघळत, एक ओळ न गाळता. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर विवेकचे आभारही मानले.

यंदा इस्तरीचा सदरा घालून तो विहारात आला, तर चौरंगावर स्पीकर. ग्रंथ कपाटात, कुलपात.

‘‘पानं सुटून राह्यले त्याचे,’’ विवेक म्हणाला. ‘‘अन् तुमाले खोकला आहे. आवाज तर तुमचाच आहे ना, भाऊ? बसा, आयका.’’

बसायचं कुठे, ते श्रावणला कळेना. एकवीस वर्षांत तो रांगेत बसलाच नव्हता. शेवटी तानाबाईनं सरकून जागा दिली.

स्पीकर वाचू लागला. आवाज खणखणीत होता. मध्येमध्ये लोक बोलत, खोकत, ते सगळं विवेकनं काढून टाकलं होतं. स्पीकरमध्ये पान उलटल्याची सळसळ झाली आणि प्रश्न आला, ‘‘समजलं काय, तानाबाई?’’

श्रावणनं आशेनं तिच्याकडे मान वळवली. ती स्पीकरकडे बघत मान डोलवत होती.

‘‘समजलं, भाऊ.’’

त्याला रडू आलं, आणि त्यातच खोकल्याची उबळ. ती थांबेना. मागून कुणीतरी ‘शू’ केलं. तानाबाईनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

‘‘गप बस ना, श्रावण. भाऊचं वाचन आयकू दे.’’

श्रावणनं गळ्यातला दुपट्टा तोंडात कोंबला आणि तोही ऐकू लागला.