नानांचं उष्टं

नानांना शिंक आली की ते आधी मांजराकडे पाठ फिरवायचे. मग समोर पाहुणा बसलेला असला आणि शिंक त्याच्या तोंडावर गेली, तरी त्यांची हरकत नसे. मांजराकडे बोट करून म्हणायचे, "मानूस सोता दवाखानामा जास. याले कोन लई जाई?"

मेहरूण वस्तीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मूळचे धुळ्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले, एकटे. सोबतीला शेठ नावाचा लठ्ठ बोका. जरा सर्दी झाली की नाना तोंडाला रुमाल बांधून शेठला आमच्याकडे आणून सोडत आणि ताप उतरेपर्यंत उंबऱ्याबाहेरूनच त्याची चौकशी करत. गल्ली हसायची, मीही हसायचे. एकदा कारण विचारलंच.

शेठच्या आधी सोनी होती, म्हातारी, दात पडलेली. नाना भाकरी स्वतः चावून, मऊ करून तिला भरवायचे. आपल्याकडे उष्टं देणं म्हणजे मायाच. नाना फ्लूने अंथरुणाला खिळले तेव्हाही ती त्यांच्या छातीवर निजायची, त्यांच्या तोंडचा घास खायची. नाना बरे झाले आणि सोनीला धाप लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला ताप होता का?" माणसाचा फ्लू मांजरालाही लागतो हे नानांना तेव्हा कळलं. सोनी वाचली नाही.

"मन्हं उष्टं. मीच दिन्हं तिले," एवढं बोलून ते उठून गेले. त्यानंतर मला त्यांच्या रुमालाचं हसू आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नानांना पुन्हा फ्लूने धरलं आणि तो छातीत उतरला. माणूस स्वतः दवाखान्यात जातो म्हणणारे नाना काही तिथे राहायला तयार होईनात. शेठ आमच्याकडून निसटून त्यांचं दार ओरबाडायचा. नाना आतून समजावायचे, "दूर बस भो. मी बरा व्हसू, मंग ये."

एका संध्याकाळी त्यांना धड बोलताही येईना. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, आणते त्याला. लांबून बघा एकदा." त्यांना तो किती हवा होता ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"नको, माय," ते कसंबसं म्हणाले. "तो दूर बसाव नही. छातीवरच येई."

पहाटे ते गेले. धुळ्याहून पुतण्या आला. "आता तरी येऊ द्या शेठला," तो म्हणाला. पण माझा हात कडीकडे गेला नाही. शेठला आमच्या खोलीत कोंडूनच आम्ही नानांना नेलं.

साऱ्या गल्लीने त्यांना जाताना पाहिलं, एकट्या शेठने पाहिलं नाही. घराला आता कुलूप आहे. तो रोज दारापासून जरा लांब बसतो आणि नाना बरे व्हायची वाट बघतो. मला ते बघवत नाही.