पिवळ्या रेघेपलीकडचा वाटा

मधल्या सुट्टीत गुरुजी शाळेबाहेर निघाले की पिवळ्या रेघेपाशी पँट घोट्यावर उचलायचे, जसा काही वढाच ओलांडायचाय. पलीकडं पाय टेकला की म्हणायचे, "हां आबा, आता तंबाखू मळा."

ती रेघ त्यांनीच मारलेली. सरकारचा हुकूम आला, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची न्हाई. दोरी धरून मापलं, तर मामूची पानटपरी रेघेच्या आत. हेडमास्तर माणूस, पण स्वतः खांदा लावून टपरी पलीकडं ढकलायला लागले.

मामू म्हणला, "गुरुजी, पहिलं गिऱ्हाईक तर तुमीच!"

"म्हणून तर ढकलतोय. मला तेवढंच चालणं."

मी दुसरीतून शाळा सोडलेला, पण तंबाखू मळावी तर मीच. टपरीपुढच्या दगडावर बसून दोघांची मी मळायचो. तुमाला ठाऊक असंल, आपल्याकडं पुढं केलेल्या तळहाताला न्हाई म्हणायचं नसतं. म्हणलं की बोलणं तुटलं.

'तंबाखूमुक्त शाळा' असा बोर्ड रंगवून आला. गुरुजींनी तो भिंतीकडं तोंड करून हापिसात ठेवला. तालुक्याचे साहेब विचारायचे, "बोर्ड कुठंय?"

"रंग वाळतोय साहेब."

होळी गेली, पाडवा गेला. आमच्याकडच्या उन्हात रंग वाळंना!

मी म्हणलो, "कावून लावत न्हाई?"

"आबा, माझ्या खिशात पुडी असताना बोर्ड खोटं बोलंल. पोरं वाचत्यात तो. रिटायर व्हायच्या आत लावायचाय, पण खरा करून."

मग एक दिवस रेघ ओलांडून आले अन् म्हणले, "आबा, आजपास्नं सोडली."

मला रागच आला. चारचौघांत दोघांची मळली अन् तळहात पुढं केला. मामू पान लावायचा थांबला. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, चिमूट उचलली, मूठ झाकली, अन् गप्पा मारत बसले. तोंडाकडं हात गेलाच न्हाई. घंटा झाल्यावर नळावर जाऊन हात धुतला.

दुसऱ्या दिवशी परत मळली. परत मूठ.

मामू म्हणला, "किती छळशील बे त्यांना?"

"वाटा हाय त्यांचा," मी म्हणलो.

असं लई दिवस चाललं. ना त्यांनी खाल्ली, ना मी हात मागं घेतला. अन् एका सकाळी शाळेतून हाक आली, "आबा, शिडी धरायला या." रेघेवरच थुंकून, चूळ भरून मी आत गेलो. खिळा ठोकता ठोकता गुरुजी म्हणले, "वाळला बघा रंग."

रिटायर होऊन ते परळीला लेकीकडं गेले. मी काय सोडली न्हाई, सोडणारबी न्हाई. पण चिमूट घेतो दोघांची तेवढीच, अन् त्यातला त्यांचा वाटा दगडावर काढून ठेवतो. वारा नेतो.

परवा मामूनं त्याला हात घातला. मी फटकाच दिला.

"ठेव खाली. सोडलेल्या माणसाची हाय ती."